स्थिर तरंग बनतो कसा? उत्तर तारेच्या टोकांपाशी आहे

प्रश्न ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, घरात गाणं आहे, आजोबांचा तंबोरा आहे. तिने विचारलेलं थोडक्यात असं: विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन सारख्या लाटा एकमेकींत मिसळल्या की स्थिर तरंग तयार होतो, असं पुस्तकात आहे. पण तारेला कंप देणारा दोन दात्यांचा काटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, तर एकच असतो, मग दुसरी लाट येते कुठून? ठरावीक लांबीलाच तार का झणझणते? निस्पंदापाशी, म्हणजे नोडवर, तार हलतच नाही, तर ऊर्जा त्याच्या पलीकडे पोचते कशी? आणि शेवटचा प्रश्न जरा काळजीचा: रेझोनन्स ट्यूबच्या, म्हणजे खालून पाणी वर-खाली करता येणाऱ्या हवेच्या नळीच्या, प्रॅक्टिकलमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला ३४९ मीटर आला, पुस्तकात ३३२ दिलाय, तर आकडे खोडून पुन्हा लिहायचे का?

मी याच शहरात बरीच वर्षं बी.एस्सी.च्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेतली आहेत. हे चारही प्रश्न खरे आहेत आणि चौघांचं मूळ एकच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पुस्तकातलं ते सूत्र चुकीचं नाही. पण ते तयार झालेल्या स्थिर तरंगाचं वर्णन आहे. तो तयार होताना काय घडलं, हे त्या सूत्रात नाही. ते घडतं टोकांपाशी. तार कुठे आणि कशी बांधली आहे, यावर बाकी सगळं ठरतं.

सोनोमीटर म्हणजे पोकळ खोक्यावर दोन आधारांवरून, म्हणजे ब्रिजवरून, ताणलेली तार. तिच्यावरून एक उंचवटा, एक पल्स, ब्रिजकडे चालला आहे असं समज. वाटेत तारेचा प्रत्येक तुकडा पुढच्या तुकड्याला वर खेचतो आणि मग स्वतः खाली येतो. शेवटचा तुकडा ब्रिजपाशी पोचतो आणि ब्रिजलाही वर खेचायला बघतो. ब्रिज हलत नाही. पण न्यूटनचा तिसरा नियम तिथेही लागू आहे, त्यामुळे ब्रिज तेवढ्याच जोराने तारेला खाली खेचतो. एरवी पुढचा तुकडा वर उचलला गेला असता. इथे पुढे तुकडाच नाही, आहे तो न हलणारा आधार. त्या खालच्या ओढीने तारेत एक उलटा उंचवटा, म्हणजे खळगा, तयार होतो आणि आला त्या वाटेने परत निघतो. हीच तुझी दुसरी लाट. फोर्क एकच असतो हे खरं, पण बांधलेलं टोक हा दुसऱ्या लाटेचा उगम असतो. आणि ती उलटी का होते, तर टोकाचं विस्थापन कायम शून्य राहायचं असेल तर येणारी आणि जाणारी लाट तिथे एकमेकींना पुरतं खोडायलाच हव्यात.

टोक मोकळं असेल तर गोष्ट वेगळी. तार एका हलक्या कडीला बांधून कडी उभ्या सळईवर सरकती ठेवली, तर कडीला अडवणारं कोणी नाही. ती येणाऱ्या लाटेच्या उंचीच्या दुप्पट वर जाते आणि तिथून सुलटाच उंचवटा परत फिरतो. बांधलेल्या टोकाला निस्पंद, मोकळ्या टोकाला प्रस्पंद, म्हणजे सर्वांत जास्त हलणारी जागा, हा जो नियम आपण पाठ करतो, त्याचं कारण एवढंच आहे.

आता दोन लाटा मिसळताना काय दिसतं ते बघू. पुस्तकात माळेसारखे फुगवटे काढलेले असतात, त्यामुळे तार एकाच वेळी वर आणि खाली आहे असा समज होतो. प्रत्यक्षात दोन्ही लाटांचे माथे एकमेकांवर येतात तेव्हा तारेला जास्तीत जास्त बाक येतो. त्यानंतर पाव आवर्तनाने एक लाट पाव तरंगलांबी डावीकडे सरकलेली असते, दुसरी तेवढीच उजवीकडे. आता एकीचा माथा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि पूर्ण तार क्षणभर सरळ रेषेत असते. फोटो काढला तर वाटेल की तार शांत आहे. पण त्याच क्षणी तिचे मधले भाग सगळ्यात वेगाने धावत असतात. पुढच्या पाव आवर्तनात बाक उलट्या बाजूला. २५६ हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला २५६ आवर्तनांनी, कंप पावणारी तार सेकंदात ५१२ वेळा अशी सरळ होते. डोळा एवढा जलद नसल्याने आपल्याला फक्त फुगवट्याची कडा दिसते. या सगळ्यात काही ठिकाणं अशी असतात की तिथे एक लाट जेवढी वर नेते तेवढीच दुसरी खाली नेते, प्रत्येक क्षणी. ते निस्पंद. दोन निस्पंदांमधलं अंतर अर्धी तरंगलांबी. एका फुगवट्यातले सगळे बिंदू एकदम वर, एकदम खाली. शेजारच्या फुगवट्यातले नेमके उलटे.

एक गल्लत इथेच दूर करतो, कारण तोंडी परीक्षेत ती हमखास होते. तारेवरून लाट धावते तो वेग वेगळा आणि तारेचा कण वरखाली होतो तो वेग वेगळा. स्थिर तरंगातही दोन्ही लाटा आपापल्या वेगाने धावतच असतात, थांबलेली कोणीच नसते. अर्धा मिलिमीटर जाडीची पोलादी तार घे. तिचं दर मीटरचं वस्तुमान साधारण १.५४ ग्रॅम. तिला ४ किलो वजनाचा ताण दे. लाटेचा वेग म्हणजे ताण भागिले दर मीटरचं वस्तुमान, याचं वर्गमूळ. तो सेकंदाला साधारण १६० मीटर येतो. त्याच तारेचा मधला कण १ मिलिमीटर आयामाने, म्हणजे मधल्या जागेपासून वर-खाली १ मिलिमीटरपर्यंत, २५६ हर्ट्झला हलत असेल, तर त्याचा जास्तीत जास्त वेग येतो सेकंदाला १.६ मीटर. शंभर पटींचा फरक आहे.

आता ठरावीक लांबीचा प्रश्न. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण ‘स्थिर तरंग बनतो कसा’ याचं खरं उत्तर या भागात आहे.

फोर्कने तारेला पहिला धक्का दिला. लाट निघाली, पलीकडच्या ब्रिजवर उलटली, परत आली, अलीकडच्या ब्रिजवर पुन्हा उलटली. दोनदा उलटली म्हणजे सुलटी झाली. आता ती पुन्हा पुढे निघाली आहे आणि तेवढ्यात फोर्क नवा धक्का देतोय. जुनी लाट आणि नवा धक्का एका तालात पडले तर बेरीज होते. जाऊन येऊन अंतर आहे तारेच्या लांबीच्या दुप्पट. तेवढं अंतर कापायला लागणारा वेळ हा फोर्कच्या एका आवर्तनाएवढा, दोन आवर्तनांएवढा, तीन आवर्तनांएवढा, असा पूर्ण पटीत हवा. बस, हीच अट. वर घेतलेल्या तारेसाठी २५६ च्या फोर्कला ही लांबी येते सुमारे ३१.२ सेंटिमीटर. जाऊन येऊन ६२.४ सेंटिमीटर, वेळ ३.९ मिलिसेकंद, आणि २५६ हर्ट्झचं एक आवर्तनही ३.९ मिलिसेकंदांचंच. पुस्तकातलं ‘वारंवारता म्हणजे वेग भागिले दुप्पट लांबी’ हे सूत्र म्हणजे या फेरीचा हिशोब आहे.

पण मग प्रत्येक फेरीला भर पडत गेली तर आयाम वाढत वाढत तार तुटायला हवी. तुटत नाही, कारण प्रत्येक फेरीत थोडी गळतीही होते. हवा थोडं घेते, ब्रिजमधून थोडं खोक्यात उतरतं, तारेच्या आतल्या घर्षणात थोडं जातं. गच्चीवरच्या टाकीला खाली भोक असेल आणि वर नळ चालू असेल तर पाणी एका पातळीला येऊन थांबतं, कारण पातळी वाढली की गळतीही वाढते. तारेचा आयामही तसाच थांबतो. समजा दर फेरीत आयामाचा १ टक्का गळतो. मग शेवटचा आयाम एका फेरीत पडणाऱ्या भरीच्या १०० पट होईल, आणि तिथवर जवळपास पोचायला सुमारे ३०० फेऱ्या लागतील. ३०० गुणिले ३.९ मिलिसेकंद म्हणजे सव्वा सेकंदाच्या आसपास. प्रॅक्टिकलमध्ये पाहिलं असशील: फोर्क रबर पॅडवर मारून सोनोमीटरच्या खोक्यावर टेकवला की तारेवरची कागदाची चिमटी, आपला रायडर, लगेच उडत नाही. आधी थरथरते, मग नाचते, मग पडते. ती थरथर म्हणजे स्थिर तरंग तयार होताना दिसतोय. पुस्तकातल्या चित्रात हा वेळच नसतो.

आता लांबी चुकव. ब्रिज ३ मिलिमीटर पुढे सरकव, म्हणजे साधारण १ टक्का. प्रत्येक फेरीत जुनी लाट आता नव्या धक्क्याच्या ३.६ अंश मागे पडते. एका फेरीत हे काहीच वाटत नाही. पण ५० फेऱ्यांत ती १८० अंश मागे पडते, म्हणजे ५० फेऱ्यांपूर्वीची लाट आजच्या धक्क्याला मदत करायचं सोडून खोडायला लागते. वरचाच १ टक्का गळतीचा हिशोब धरला तर आयाम एक षष्ठांशावर उतरतो. म्हणून ब्रिज मिलिमीटर-मिलिमीटर सरकवायला सांगतात. निवड फोर्क करत नाही, तार करत नाही, ती फेऱ्यांच्या बेरजेतून आपोआप होते. आणि गळती जितकी कमी तितकी जुन्या फेऱ्यांची आठवण लांबवर टिकते, म्हणून निवडही तितकी काटेकोर.

इथे बहुतेक पुस्तकं एक गोष्ट अर्धवट सांगतात. ‘ठरावीक वारंवारतेलाच स्थिर तरंग बनतो’ हे वाक्य तसंच्या तसं खरं नाही. एका टोकाला लाट पाठवणारा आणि दुसऱ्या टोकाला पक्का आधार असेल, तर कुठल्याही वारंवारतेला येणारी आणि परतणारी लाट मिळून स्थिर तरंगच बनतो. निस्पंद त्या आधारापासून अर्ध्या-अर्ध्या तरंगलांबीवर बिनचूक पडतात. फक्त ठरावीक वारंवारतेला लाट पाठवणारं टोक निस्पंदाच्या अगदी जवळ येतं आणि आयाम प्रचंड वाढतो. म्हणजे ठरावीक वारंवारता लागते ती अनुनादाला, म्हणजे आयाम असा वाढण्याला, स्थिर तरंगाला नाही. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झने १८८८ च्या सुमारास विद्युतचुंबकीय लाटांची तरंगलांबी मोजली ती याच जोरावर. समोरच्या भिंतीवर जस्ताचा पत्रा लावला, लाटा त्यावर आपटून परत फिरल्या, आणि लाट पकडणाऱ्या तारेच्या कड्यात खोलीत ठिणगी कुठे पडते, कुठे पडत नाही, हे बघत त्याने निस्पंद शोधले. त्याच्याकडे दोन्ही टोकांना बांधलेली तार नव्हती. एक पत्रा पुरला.

आता निस्पंद आणि ऊर्जा. हा प्रश्न विचारल्याबद्दल तुझं खरंच कौतुक, कारण वर्गात तो फार कमी जणांना पडतो.

तारेवरच्या एखाद्या बिंदूतून ऊर्जा पलीकडे जायची तर डावीकडच्या भागाने उजवीकडच्या भागावर बल लावायला हवं आणि तो बिंदू त्या बलाच्या दिशेने हलायलाही हवा. निस्पंदावर बल भरपूर असतं, कारण तिथे तारेचा उतार सर्वांत तीव्र असतो. पण हालचाल शून्य. म्हणून ऊर्जेचा प्रवाह शून्य. आदर्श स्थिर तरंगात प्रत्येक फुगवट्याची ऊर्जा त्याच्या दोन निस्पंदांमध्ये कोंडलेली असते. ती आतल्या आत मात्र फिरते. तार पूर्ण बाकलेली असते तेव्हा ऊर्जा ताणात असते, आणि ताण जास्त तिथे असतो जिथे उतार जास्त, म्हणजे निस्पंदांच्या आसपास. पाव आवर्तनाने तार सरळ होते तेव्हा सगळी ऊर्जा गतीत असते, आणि गती जास्त ती प्रस्पंदांपाशी. म्हणजे ऊर्जा निस्पंदाकडून प्रस्पंदाकडे आणि परत, अशी येरझारा घालते. निस्पंद हा तिचा मुक्काम आहे, दार नाही.

मग मेल्डच्या प्रयोगात, म्हणजे फोर्कला बांधलेल्या ताणलेल्या दोऱ्यावर फुगवटे पाडतात त्यात, फोर्कपासून चार फुगवटे दूर असलेल्या भागाला ऊर्जा मिळते कुठून? दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही लागतात. पहिलं, सुरुवातीच्या फेऱ्यांत निस्पंद बनलेलेच नसतात. लाटा सरळ पुढे जातात आणि ऊर्जा घेऊन जातात. कोठारं तेव्हा भरतात. दुसरं, नंतरही गळती चालू असते, आणि ती भरून काढायला थोडी ऊर्जा सतत पुढे जावी लागते. परतणारी लाट गळतीमुळे येणाऱ्या लाटेपेक्षा जराशी दुबळी असते, म्हणून निस्पंदावर दोघी एकमेकींना पूर्ण खोडत नाहीत. तिथे अगदी बारीक हालचाल शिल्लक राहते. बल मोठं, हालचाल सूक्ष्म. त्या दोहोंच्या गुणाकारातून लागते तेवढी ऊर्जा पलीकडे झिरपते. खऱ्या तारेवरचा निस्पंद कधीच पूर्ण मेलेला नसतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. फ्रांझ मेल्डने १८५९ साली केलेला हा प्रयोग आपल्याकडे अजून अभ्यासक्रमात आहे: विजेवर चालणारा फोर्क, पांढरा दोरा, कप्पी, टोकाला पारड्यात वजनं. मागे काळा कागद लाव आणि पाच-सहा फुगवटे पाड. आता निस्पंद एकेक करून जवळून बघ. कप्पीकडचे निस्पंद बारीक, टोकदार दिसतील. फोर्कच्या बाजूचे किंचित धूसर, जाडसर. कारण फोर्कजवळच्या निस्पंदातून पुढच्या सगळ्या फुगवट्यांची गळती भरून काढणारी ऊर्जा जायची असते, कप्पीजवळच्या निस्पंदातून फक्त शेवटच्या एकाची. ते धूसरपण म्हणजे तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

याच विचाराने विजेची वारंवारता काढायचा प्रयोगही सोपा होतो. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. सोनोमीटरच्या पोलादी तारेवर विद्युतचुंबक धरतात, त्याला ट्रान्सफॉर्मरमधून कमी व्होल्टचा एसी देतात. चुंबक तारेच्या मधोमध का ठेवायचा? कारण एका फुगवट्यात मध्यभाग हा प्रस्पंद. ओढ तिथे लावली तर काम होतं. निस्पंदापाशी लावली तर कितीही ओढा, हालचाल नाही म्हणून काम नाही. आणि एका आवर्तनात विजेचा प्रवाह दोनदा जोरात असतो, एकदा एका दिशेने, एकदा उलट. पोलादाला चुंबकाचा उत्तर ध्रुव काय, दक्षिण काय, दोन्ही ओढतात. म्हणून तार १०० हर्ट्झला कंप पावते. अर्धा मिलिमीटर जाडीची तार, ४ किलो वजन असेल तर सुमारे ८० सेंटिमीटरवर रायडर पडेल. त्याऐवजी पितळी तारेतूनच एसी सोडून मधोमध नालाकृती चुंबक ठेवला तर तार ५० हर्ट्झनेच हलते, कारण तिथे प्रवाहाची दिशा बदलली की बलाचीही दिशा बदलते. ‘दोनने का भागलं’ असं परीक्षक विचारतात ते याचसाठी.

तुझ्या तंबोऱ्याकडे येतो. तार छेडली जाते तेव्हा एक स्थिर तरंग निघत नाही. बोटाने तारेला त्रिकोणी आकार दिलेला असतो. बोट सुटलं की त्या त्रिकोणाच्या टोकातून दोन कोपरे विरुद्ध दिशांना धावतात, घोडीवर, म्हणजे तंबोऱ्याच्या ब्रिजवर, आणि वरच्या टोकाला आपटून परत फिरतात. हेच दुसऱ्या नजरेने बघितलं तर मूळ वारंवारता, तिची दुप्पट, तिप्पट, चौपट अशा अनेक स्थिर तरंगांची ती बेरीज आहे. दोन्ही वर्णनं एकाच तारेची. आणि टोकं पूर्णपणे अचल असती तर तुला तंबोरा जवळजवळ ऐकूच आला नसता. घोडी किंचित हलते, दर फेरीतली थोडी ऊर्जा तिच्यातून तबलीत आणि भोपळ्यात उतरते, आणि आपण ऐकतो ती गळतीच.

धारदार आधारावरची तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट वारंवारतेचा स्वर उमटायला नको, कारण मध्य हा त्या स्थिर तरंगाचा निस्पंद आहे आणि छेडलेला बिंदू निस्पंद राहू शकत नाही. हा नियम थॉमस यंगच्या नावाने ओळखला जातो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर लेख लिहिला आणि दाखवलं की आपल्या वाद्यांत हा नियम मोडतो. छेडलेल्या जागी निस्पंद असलेले स्वरही चांगले ठळक ऐकू येतात. कारण तंबोऱ्याची घोडी वरून गोलसर असते. तार वरखाली होताना घोडीच्या पाठीला कमी-जास्त चिकटते, तिचं टोक प्रत्येक आवर्तनात पुढेमागे सरकतं. टोक बदललं की स्थिर तरंगांमधली ऊर्जेची वाटणी बदलते. खालच्या स्वरांतली ऊर्जा वरच्या स्वरांत जात राहते. तार आणि घोडी यांच्यामधला जवारीचा दोरा एक केसभर सरकवून आपण याचीच जुळणी करतो. जोडाची तार मोकळी सोडून बरोबर मध्यावर छेड, दोरा काढून आणि मग दोरा नीट बसवून. वरचा सा कधी किती ऐकू येतो ते कान लावून ऐक. ग्वाल्हेरात गाण्याच्या घरात वाढलेल्या मुलीला हा फरक सांगायला उपकरण लागणार नाही.

तबल्यावर हाच विषय दोन दिशांत पसरतो. साध्या गोल कातड्यावरच्या स्थिर तरंगांच्या वारंवारता १, १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या प्रमाणात येतात, म्हणून नुसत्या चामड्याला स्वर नसतो, आवाज असतो. मधल्या शाईच्या वजनाने त्या पूर्ण पटींच्या जवळ येतात. रामन यांचं यावरचंही काम आहे, १९२० चं. यावर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल.

आता तुझे ३४९. हवेच्या नळीतही सगळं तसंच आहे. पाण्याचा पृष्ठभाग हे बंद टोक, तिथे हवेला हलायला जागा नाही, म्हणून निस्पंद. वरचं तोंड मोकळं, तिथे प्रस्पंद. दोन गोष्टी ध्यानात ठेव. पहिली, प्रस्पंद नळीच्या काठावर नसतो, काठाच्या जरा वर असतो, साधारण त्रिज्येच्या ०.६ पट. बाहेरची मोकळी हवा नळीच्या तोंडाशी असलेल्या हवेबरोबर थोडी हलतेच. दुसरी, ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून आहे. ३३२ हा पुस्तकी आकडा शून्य अंश सेल्सिअसचा, नेमका म्हणजे साधारण ३३१.४. त्यात दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटर मिळव. आपल्या गावी जानेवारीच्या सकाळी प्रयोगशाळेत १० अंश असू शकतात आणि मे महिन्यात पंखा लावूनही ४०. म्हणजे वेग ३३७ पासून ३५५ पर्यंत. ५१२ च्या फोर्कला पाव तरंगलांबी १६.५ सेंटिमीटरवरून १७.३ वर जाते. ८-९ मिलिमीटरचा फरक, साध्या मोजपट्टीवर दिसणारा. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या रात्री वादक पुन्हा पुन्हा सूर मिळवताना दिसतात त्यातही हे आहे: गारठ्यात बासरीतल्या हवेतला वेग कमी होऊन सूर उतरतो, आणि तंतुवाद्याची पोलादी तार आकसून ताण वाढतो, सूर चढतो.

तू पाठवलेली वाचनं अशी: फोर्क ५१२, पहिला अनुनाद १५.८ सेंटिमीटरवर, दुसरा ४९.९ वर, तापमान ३० अंश. दोन्हींतला फरक ३४.१, ही अर्धी तरंगलांबी. काठावरची ती ०.६ पट त्रिज्येची भर दोन्ही वाचनांत सारखीच असल्याने वजाबाकीत आपोआप गळून पडते. दुप्पट करून ५१२ ने गुणलं की ३४९ मीटर. आणि ३० अंशाला वेग यायला हवा साधारण ३४९.५. तुझं उत्तर अगदी बरोबर आहे, खोडू नकोस. उलट नुसत्या पहिल्या वाचनाला चारने आणि ५१२ ने गुणलं असतंस तर ३२४ आले असते, जे चूक आहे. पण ३३२ च्या जवळ म्हणून कोणालाही खटकलं नसतं. वहीत निष्कर्षाच्या ओळीत ‘३० अंश सेल्सिअसला’ हे शब्द घाल आणि खाली शून्य अंशाचा हिशोब करून दाखव.

आणखी एक पडताळा आहे, तोही वहीत लिही. दुसऱ्या वाचनातून पहिल्याची तिप्पट वजा कर आणि दोनने भाग. ४९.९ वजा ४७.४, म्हणजे २.५, त्याचा अर्धा १.२५ सेंटिमीटर. ही काठावरची भर. तिला ०.६ ने भागलं की नळीची आतली त्रिज्या येते सुमारे २.१ सेंटिमीटर. पुढच्या तासाला व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी नळीचा आतला व्यास मोज. तो ४ सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवा. पहिल्या वाचनात १ मिलिमीटरची चूक असली तरी काठावरच्या भरीत दीड मिलिमीटरचा, म्हणजे व्यासात ५ मिलिमीटरचा फरक पडतो, तेव्हा अगदी तंतोतंत जुळला नाही तर घाबरू नकोस. पण ३ किंवा ६ सेंटिमीटर निघाला तर पहिलं वाचन पुन्हा घे. पाणी खालून वर आणताना एकदा आणि वरून खाली नेताना एकदा अनुनाद ऐक, आणि दोन्हींची सरासरी लिही.